टीव्हीचा मॉनिटर: अंबाजोगाईतल्या एका डीटीपी टेबलाच्या नोंदी

१८ जानेवारी २०२५, शनिवार

लग्नसराई तोंडावर आली. संक्रांत झाली की पत्रिकांची कामं सुरू होतात, ती अक्षय्य तृतीयेपर्यंत उसंत देत नाहीत. डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं मांडायचं टेबल घरातच, आतल्या खोलीत. कॉम्प्युटर जुनाच, चौथ्या पिढीचा आय-थ्री, बोर्ड एच ८१, मॉनिटर साडेअठरा इंची. काम चालतं. अडतं ते प्रूफ दाखवताना.

पत्रिका तपासायला एकटं माणूस कधीच येत नाही. वरबाप, त्याचे दोन भाऊ, नवऱ्या मुलाचा मामा, शिवाय 'कॉम्प्युटरमधलं कळतं' म्हणून आणलेला एखादा पुतण्या. सगळे माझ्या खुर्चीमागं वाकून उभे. 'आपले विनीत'मध्ये कुणाचं नाव कुणाच्या वर, यावर तिथंच पंचायत बसते. त्या गर्दीत अनुस्वार कुणीच तपासत नाही. छापून आल्यावर मात्र पहिला तोच दिसतो.

तेव्हा मोठा पडदा हवा. प्रोजेक्टर नको, दिवसाढवळ्या खिडक्या लावून अंधारात पत्रिका कोण वाचणार? टीव्हीच मॉनिटर म्हणून लावून बघायचा. तो गिऱ्हाइकांना दाखवायलाच नाही, मला काम करायलाही चालला पाहिजे. त्याशिवाय खर्चाला अर्थ नाही.

१९ जानेवारी, रविवार

बैठकीतला ३२ इंची एचडी रेडी टीव्ही दुपारी आत आणला. आई दारात उभी राहून, "टीव्ही आत नेऊन काय करायलास रे? आठला माझी मालिका हाय." आठच्या आत परत लावतो म्हणालो.

बोर्डाच्या एचडीएमआयला जोडला. चित्र लगेच आलं, पण टास्कबार अर्धा पडद्याखाली गेलेला, डावीकडचे आयकॉन कापलेले. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा सरळ यायच्या नाहीत, म्हणून चित्र चौकटीपेक्षा थोडं मोठंच दाखवायचे. नळी गेली, खोड राहिली. टीव्हीच्या चित्राच्या मेनूत त्याचं बटण असतं: कुठं 'जस्ट स्कॅन', कुठं 'स्क्रीन फिट', कुठं 'फुल पिक्सेल'. ते लावलं आणि कडा परत आल्या.

पण अक्षरं पिंजलेलीच. पॅनल १३६६ × ७६८ चं, आणि कॉम्प्युटर पाठवतोय १९२० × १०८०. टीव्ही ते आवळून बसवतो, त्यात वेलांट्यांचे तुकडे पडतात. यादीत १३६० × ७६८ होतं, ते निवडलं. दोन्ही बाजूंना काळी रेघ राहिली, पण अक्षर एकदम धारदार झालं. सगळ्या भानगडीचं मूळ हेच: कॉम्प्युटरचा एक ठिपका पॅनलच्या एकाच ठिपक्यावर पडला पाहिजे. टीव्हीने मधे काही 'सुधारणा' केली की देवनागरी आधी मरते.

तरीही हा टीव्ही कामाचा नाही. ३२ इंचांत १३६६ ठिपके म्हणजे इंचाला जेमतेम ४९. पत्रिकेतला ९ पॉइंटचा मजकूर खऱ्या आकारात ६ ठिपक्यांत बसवायचा, आणि त्यातच शिरोरेघ, उकार, रफार. माझ्या जुन्या मॉनिटरवर इंचाला ८५ आहेत, तिथं त्याच मजकुराला १०-११ ठिपके मिळतात. लांबून बघायला ठीक, जवळ बसून टाइप करायला नाही.

आठला पाच मिनिटं कमी असताना टीव्ही जागेवर.

२२ जानेवारी, बुधवार

आज कागदावर हिशोब केला, कारण दुकानात गेल्यावर सगळे टीव्ही चांगलेच दिसतात.

४३ इंची फुल एचडी: इंचाला ५१. बाद. ४३ इंची फोर-के, म्हणजे ३८४० × २१६०: इंचाला १०२. इथं ९ पॉइंटला जवळपास १३ ठिपके मिळतात, आहे त्या मॉनिटरपेक्षा जास्त. पडद्याची रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर, उंची साडेत्रेपन्न. साडेएकवीस इंची फुल एचडीचे चार मॉनिटर दोनावर दोन रचले तर जे होईल, नेमकं तेच. आडवी ए-थ्री ४२ सेंटिमीटरची. खऱ्या आकारात अशा दोन शेजारी शेजारी मावतात आणि वर टूलबारला जागा उरते.

बायको म्हणाली, "अहो, मग पत्रिकेची पुढची-मागची बाजू एकदम दिसेल की." तेच. आमच्याकडं शेवटचं प्रूफ ती वाचते, आणि माझ्यापेक्षा तिची नजर तिखट आहे.

२६ जानेवारी, रविवार

लातूरला जाऊन आलो. भाचा सोबत, कारण त्याच्या लॅपटॉपला एचडीएमआय २.० आहे, म्हणजे फोर-के पूर्ण वेगाने पाठवणारं नवं पोर्ट. पेन ड्राइव्हवरून फोटो लावून टीव्ही पारखणं फसवं असतं; टीव्हीचा स्वतःचा प्लेअर काय दाखवतो याचा कॉम्प्युटरच्या चित्राशी फारसा संबंध नसतो. कॉम्प्युटरसाठी घ्यायचा तर कॉम्प्युटरच लावून बघावा.

कोरलमध्ये, म्हणजे ज्या प्रोग्रामात पत्रिका मांडतो त्यात, कालच चाचणीचं पान करून ठेवलं होतं. पांढऱ्यावर काळ्या एकेका ठिपक्याच्या रेघा, आणि खाली राणी रंगाच्या पट्टीवर मोरपिशी अक्षरांत 'चि. सौ. कां.' लहान-मोठ्या आकारांत. पान पीएनजीत काढलं. जेपेग फाइल बनतानाच बहुतेक वेळा रंग ढिले होतात, मग दोष टीव्हीचा की फाइलचा कळत नाही.

राणीवर मोरपिशी मुद्दाम. टीव्हीच्या दुनियेत जागा वाचवायला उजेड प्रत्येक ठिपक्याचा वेगळा पाठवतात, पण रंग चार ठिपक्यांना मिळून एकच. याला ४:२:० म्हणतात. सिनेमात डोळ्याला फरक कळत नाही. काळ्या-पांढऱ्या मजकुरातही कळत नाही. पण उजेड सारखा आणि रंग वेगळा अशी जोडी आली, की बारीक अक्षर जमिनीत विरघळतं. आणि लग्नपत्रिका म्हणजे असल्याच जोड्या.

पहिल्या टीव्हीवर 'कां'वरचा अनुस्वार नुसता जांभळट डाग दिसत होता. मेनू सगळा धुंडाळला, हटला नाही. दुसऱ्यावर इनपुटचं नाव बदलून 'पीसी' केलं आणि अनुस्वार गोल, मोरपिशी, स्वच्छ. दुकानातला पोरगा म्हणाला, "दादा, लोक क्रिकेट लावून बघतात, तुम्ही टिंब बघायलात." दुसरा घेतला.

२ फेब्रुवारी, रविवार

टीव्ही घरी आला. खोकं उघडायला अख्खं घर जमलं.

आमच्या बोर्डाचं एचडीएमआय १.४ आहे. त्यातून फोर-के येतं, पण सेकंदाला ३० चित्रांनीच. कागदावर हे वाचलेलं वेगळं आणि हातात माउस धरून बघणं वेगळं. बाण हाताच्या मागं मागं येतो. रेघेवरचा नोड, म्हणजे ओढायचा बिंदू, पकडायला गेलं की पुढं जातो. दिवसभर असं काम केलं तर संध्याकाळी डोकं धरतं.

गणित साधं आहे. १.४ ची वाट सेकंदाला १०.२ गिगाबिटची. फोर-केला ३० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३० चित्रांवर, पूर्ण रंगात ८.९१ लागतात, म्हणून ते मावतं. ६० हर्ट्झला दुप्पट, १७.८२. त्याला २.० ची १८ ची वाट लागते. म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड घेणं आलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

इथल्या दुकानात जीटी ७१० होतं, स्वस्तात देतो म्हणाला. पण त्याचंही एचडीएमआय १.४ च, बोर्डावर आहे तेच पुन्हा विकत घेणं झालं. जीटी १०३० मागवलं. फार तर ३० वॅटचं कार्ड, वेगळी वायर लागत नाही, जुना पॉवर सप्लाय चालतो. याचे दोन प्रकार मिळतात, जीडीडीआर ५ आणि डीडीआर ४. गेम खेळणाऱ्याला फरक पडतो, पत्रिकेला नाही. मिळालं ते घेतलं.

९ फेब्रुवारी, रविवार

कार्ड बसलं. ६० हर्ट्झ लागले, माउस हाताशी आला. पण चाचणीचं पान उघडलं तर अनुस्वार परत जांभळट! दुकानात स्वच्छ दिसलेला हाच टीव्ही.

उलगडा असा. टीव्हीचं पोर्ट कारखान्यातून जुन्या धर्तीवर लावलेलं येतं, म्हणजे जुनी यंत्रं अडू नयेत. त्या अवस्थेत ते ६० हर्ट्झ घेतं खरं, पण रंग ४:२:० करून, कारण मग निम्म्या वाटेत भागतं. दुकानात भाच्याने ज्या पोर्टला लावला होता त्याची सेटिंग आधीच कुणीतरी उघडलेली असणार. प्रत्येक पोर्टची वेगळी असते. एलजीत तिला 'अल्ट्रा एचडी डीप कलर' म्हणतात, सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', सोनीत 'एन्हान्स्ड फॉरमॅट'. ती चालू केली. मग कार्डाच्या, म्हणजे एनव्हिडियाच्या, पॅनलमध्ये रंगाचा प्रकार आरजीबी (प्रत्येक ठिपक्याचा रंग वेगळा), आणि रेंज 'फुल'. रेंज 'लिमिटेड' राहिली तर काळा ०ऐवजी १६ पासून आणि पांढरा २५५ऐवजी २३५ वर धरला जातो. कार्ड आणि टीव्ही दोघांनी एकच धरलं पाहिजे, नाहीतर काळं राखाडी दिसतं किंवा गडद छटा एकात एक बुडतात.

एवढं झाल्यावर पडदा मधूनच क्षणभर काळा व्हायला लागला. जुनी केबल. १८ गिगाबिटला ती पुरत नव्हती. 'प्रीमियम हाय स्पीड' छापलेली दोन मीटरची आणली, थांबलं. महागडी सोनेरी टोकांची केबल लागत नाही, छापील दर्जाची लागते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

टीव्हीतली 'हुशारी' बंद करण्यात संध्याकाळ गेली. चित्र 'व्हिव्हिड'वर, म्हणजे भडक रंगांवर होतं, त्यात हळदीचा पिवळा लिंबासारखा दिसतो. ते काढलं. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद: गडद पत्रिका उघडली की सगळा पडदा हळूच मंद होतो आणि पांढरं पान उघडलं की उजळतो, हे त्याचंच काम. नॉइज रिडक्शन बंद, मोशनचं सगळं बंद. ऊर्जाबचतीचा सेन्सर बंद. बॅकलाइट चक्क निम्म्याखाली. टीव्ही दहा फुटांवरून बघायला बनवलेला, मी अडीच-तीन फुटांवर.

शार्पनेसबद्दल वेगळं लिहून ठेवतो. तो वाढवला की अक्षर ठळक दिसल्यासारखं वाटतं, पण प्रत्येक काळ्या रेघेभोवती पांढरी किनार काढलेली असते. 'ष' आणि 'प' यात फरक करणारी तिरपी रेघ त्या किनारीत हरवते. बऱ्याच टीव्हींत शून्य म्हणजे काही न करणं, पण सोनीत ते मधोमध, ५० ला असतं. पांढऱ्यावर एक काळी रेघ काढायची, किनार जाईपर्यंत खाली यायचं, तिथं थांबायचं.

१६ फेब्रुवारी, रविवार

भिंत. आमचं घर जुनं, माळवदाचं होतं. छत बदललं पण भिंती त्याच, दगड आणि पांढऱ्या मातीच्या, दीड-दोन हात रुंद. उन्हाळ्यात गारवा देतात, खिळा मात्र धरत नाहीत. ड्रिल घातलं तर भोकातून ओंजळभर माती आली आणि रॉल प्लग बोटाने निघाला. ४३ इंची टीव्ही अशा भिंतीला टांगणं म्हणजे डोळे मिटून देवावर हवाला.

वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी अँगलचा स्टँड करून घेतला. टीव्हीच्या पाठीला २०० × २०० मिलिमीटरवर चार भोकं असतात, व्हेसा म्हणतात त्याला; तेवढं माप दिलं. टीव्हीचे स्वतःचे पाय टेबलावर ठेवले असते तर वरची कड डोळ्यांच्या बरीच वर गेली असती. आता स्टँड टेबलाच्या मागं जमिनीवर, पडद्याची खालची कड टेबलालगत, वरची कड डोळ्यांच्या रेषेत. टेबल पुढं ओढल्याने अंतर ८५ सेंटिमीटरच्या आसपास मिळालं. खिडकी पश्चिमेची, तिचं प्रतिबिंब उजव्या कोपऱ्यात येत होतं. गोणपाटाचा पडदा शिवून लावला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

विंडोजने आपणहून ३०० टक्के स्केल लावलं होतं. त्याला वाटतं हा टीव्ही आहे, माणूस सोफ्यावर बसलाय. १०० वर आणलं. मेन्यू बारीक वाटले तर १२५, पण जुन्या फाँट-प्रोग्रामांच्या खिडक्या १२५ वर फुगून अंधूक दिसतात, म्हणून १०० च.

मग खरी मजा. कोरलमध्ये झूमच्या ऑप्शनात 'कॅलिब्रेट रूलर्स' आहे. स्टीलची पट्टी पडद्याला लावून ती जुळवली आणि १:१ दाबलं. छापून आलेली मागच्या वर्षीची पत्रिका काचेशेजारी धरली. कडेला कड जुळली. इतकी वर्षं गिऱ्हाईक विचारायचं, "अक्षर एवढंच येणार का?" आणि मी "नाही हो, छापल्यावर बरोबर येतं" म्हणायचो. आता बोट दाखवतो.

रंगाच्या बाबतीत मात्र टीव्हीवर विश्वास नाही. इतक्या जवळून पाहिलं की कोपऱ्यातला पिवळा आणि मधला पिवळा एकसारखे दिसत नाहीत. रंग ठरवायला छापलेलं शेड कार्डच.

२ मार्च, रविवार

जुना मॉनिटरही डावीकडं हवा होता, फाँटचा तक्ता आणि व्हॉट्सॲपवर आलेली नावं उघडी ठेवायला. त्याला फक्त व्हीजीए, म्हणजे जुन्या धर्तीचं पोर्ट, आणि नव्या कार्डावर व्हीजीए नाही. कार्डाच्या डीव्हीआयमधून जुना ॲनालॉग सिग्नल निघतही नाही. कन्व्हर्टर न घेता बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, 'मल्टी मॉनिटर' चालू केलं, आणि बोर्डाचं व्हीजीए व कार्डाचं एचडीएमआय दोन्ही जागे झाले. 'डुप्लिकेट' लावायचं नाही, 'एक्स्टेंड'च. डुप्लिकेटमध्ये टीव्हीही जुन्या मॉनिटरच्या मापावर उतरतो.

११ मार्च, मंगळवार

दुपारी ऐन कामात टीव्ही आपोआप बंद. कॉम्प्युटर चालू, लाइट आहे. परत लावला. काल दुपारीही असंच झालं होतं. सेटिंगमध्ये सापडलं: चार तास रिमोटला कुणी हात लावला नाही तर टीव्ही समजतो की बघणारा झोपला. बंद केलं.

उलटही खरं. मॉनिटर कॉम्प्युटरबरोबर झोपतो आणि उठतो. टीव्ही 'नो सिग्नल'ची पाटी फिरवत बसतो आणि सकाळी रिमोटनेच उठवावा लागतो. रिमोट आता टेबलाला दोरीने बांधलाय, कारण आमच्याकडं रिमोट पाय फुटल्यासारखे चालतात.

२३ मार्च, रविवार

आज चेन्नई-मुंबई सामना. मुलगा आणि त्याचे दोस्त आतल्या पडद्यावर डोळा ठेवून होते. त्यांना बैठकीतला ३२ इंची दाखवला.

आत मात्र खरी परीक्षा झाली. धारूरकडची मंडळी पत्रिका बघायला आली, सात जण. सगळ्यांना खुर्च्या आणि सतरंजीवर बसवलं, पान दुप्पट मोठं केलं. पहिल्यांदाच कुणी माझ्या खांद्यावर वाकलं नाही. 'श्री तुळजाभवानी प्रसन्न'पासून वाचायला सुरुवात झाली. मागं भिंतीला टेकलेल्या आजोबांनी, ज्यांना आजवर कुणी स्क्रीनजवळ येऊ दिलं नसेल, तिथूनच सांगितलं, "बाबू, धाकल्या मामाचं आडनाव चुकलंय. आन् त्येच्या नावापुढं कै. कशाला लावलं? जिता हाय की त्यो." व्हॉट्सॲपवर आलेल्या यादीतच ते तसं होतं. खोली हसून दणाणली. मामा स्वतः हजर होते.

किलबिलच्या ओळीवर लहान पोरींनी हट्टाने स्वतःची नावं पडद्यावर बोट ठेवून मोजली. बोटांचे ठसे अजून आहेत. काच नाही ती, प्लॅस्टिकचा थर असतो. कोरड्या मऊ फडक्यानेच पुसायचा, काचेचा स्प्रे मारायचा नाही.

८ एप्रिल, मंगळवार

ऊन चढलं आणि लाइटचा लपंडाव सुरू. कॉम्प्युटर यूपीएसवर होता, टीव्ही नव्हता. लाइट गेली की काम सुरक्षित, पण दिसत काहीच नाही, सेव्ह करायचं ते अंदाजाने. टीव्हीच्या पाठीवरच्या पट्टीवर ८५ वॅट लिहिलंय, आणि बॅकलाइट कमी ठेवल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी ओढतो. ६०० व्हीएच्या यूपीएसला दोन्ही झेपतात. वेळ कमी मिळतो, पण फाइल बंद करण्यापुरता भरपूर. यूपीएस फार वेळ टिकला नाही आणि टीव्ही बंद पडला तर लाइट आल्यावर तो सावकाश सुरू होतो, तोवर विंडोज सगळ्या खिडक्या जुन्या मॉनिटरवर ढकलून मोकळा. म्हणून क्रम ठरवला: आधी टीव्ही, मग कॉम्प्युटर.

२७ एप्रिल, रविवार

अक्षय्य तृतीया तीन दिवसांवर, तारखेची शेवटची गर्दी छापायला गेली. उदगीरचा मित्र, त्याचंही डीटीपी, फोनवर विचारत होता: "५० किंवा ५५ घेऊ का? थोडेच पैसे जास्त पडायलेत."

५० इंचीत इंचाला ८८ ठिपके, ५५ इंचीत ८०. ठिपके तेवढेच, फक्त ताणलेले. ५० चालेल, पण त्याला पडद्यापासून मीटरभर तरी लांब बसावं लागेल. त्याच्या दुकानात पाठीमागं लगेच झेरॉक्सचं मशीन आहे. ५५ वर डावी-उजवीकडं मान फिरवत बसशील म्हणालो. ४३ घे, लॅपटॉप घेऊन जा, राणी रंगावर मोरपिशी 'कां' काढून बघ. फाइल पाठवली आहे.